परसबाग, तुमचे प्रश्न : तुरा पिकला हे ओळखायचं कसं?

उन्हाळाभर तुमची पत्रं टोमॅटोच्या वळलेल्या पानांची आणि कढीपत्ता घरात कधी घ्यायचा याची असतात. सप्टेंबर लागला की त्यांत आणखी एका झाडाची भर पडते. कॅनडात बहुतेक प्रांतांत १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना घरी गांजाची झाडं लावायची मुभा मिळाली. एका घराला चार झाडं, माणशी नव्हे. आपल्यातले बरेच जण तेव्हापासून विचारतात, पण दबक्या आवाजात, नाव छापू नका म्हणून. नाव मी कुणाचंच छापत नाही. उत्तर मात्र उघड देते, कारण चोरून विचारणाऱ्याला अर्धवट माहिती मिळते आणि मग बुरशी धरलेला माल घरात राहतो.

काकू, आम्ही ओंटारियोत किचनरला राहतो. मेअखेरीस परवानाधारक दुकानातून आणलेल्या बियांची चार रोपं परसात मोठ्या कुंड्यांत लावली. एक नर निघालं, ते उपटलं. उरलेली तीन डोक्याच्या वर गेलीत. तुऱ्यांवरचे पांढरे केस निम्मे तांबूस झालेत. एक मित्र म्हणतो, लगेच काप. दुसरा म्हणतो, दोन आठवडे पाणी तोड. तिसरा सगळी पानं काढायला सांगतो. परवाच्या पावसानंतर सर्वांत मोठ्या तुऱ्यात एकच पान पिवळं पडलेलं दिसलं. सासूबाई पुण्याहून आल्यात, त्यांनाही काय सांगावं कळत नाही.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, की ते पिवळं पान धरून हलकेच ओढा. ते न तुटता, मुळासकट सुटल्यासारखं अलगद हातात आलं. म्हणजे आत कूज आहे. तुरा बोटांनी उकलायला सांगितला तर आतली दांडी तपकिरी, मऊ, आणि तिच्याभोवती करड्या रंगाची कापसासारखी लव. बाहेरून तुरा हिरवागार, भरलेला, नजर लागावी असा होता.

ही करडी बुरशी, बोट्रायटिस. द्राक्षाच्या घडात, स्ट्रॉबेरीत शिरते तीच. नाशिककडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, घड जितका गच्च तितकी भीती जास्त. इथेही तेच. मोठा तुरा म्हणजे आत हवा नाही, पावसाचं पाणी दोन-दोन दिवस सुकत नाही. त्यात अळी शिरून आत विष्ठा टाकून गेली असेल तर कूज तिथूनच सुरू होते. म्हणून तुऱ्यात बारीक काळे दाणे दिसले तर ती माती समजू नका.

कुजलेला भाग जिथे दिसतो त्याच्या चार बोटं खालून फांदी कापा. कापताना झटकू नका, बी उडावं तशी बुरशी उडते. कापलेलं थेट पिशवीत घालून कचऱ्यात टाका, खताच्या ढिगात नको. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. आणि 'एवढंसं तर होतं, बाकीचं चांगलं आहे' म्हणून तोच तुरा ठेवू नका. बुरशी धरलेलं ओढणं फुप्फुसाला घातक आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना तर जिवावर बेतू शकतं. चार महिने वाढवलेलं झाड टाकताना जीव तुटतो हे मला माहीत आहे. तरी टाकायचं.

आता कापणी कधी, हा मुख्य प्रश्न.

मी निपाणीजवळच्या तंबाखू पिकवणाऱ्या घरातली. आमच्या शिवारात विडीच्या तंबाखूच्या पानावर तांबूस ठिपके उठायला लागले की वडील रोज सकाळी चार-दोन सऱ्या फिरायचे. पान अंगठा आणि बोटात धरून दुमडायचे. कट्‌कन मोडलं तर तयार, नुसतं वाकलं तर अजून नाही. बोटं चिकाने काळी व्हायची, राखेने घासावी लागायची. शेजाऱ्यांनी कापणी धरली म्हणून त्यांनी कधी कोयता उचलला नाही. पण आभाळ भरून आलं तर एक दिवस थांबलेही नाहीत. या दोन गोष्टी एकाच माणसात होत्या, आणि तुम्हाला आत्ता त्या दोन्ही लागणार आहेत.

तंबाखूचा तो चीक पानावरच्या सूक्ष्म केसांतून येतो. गांजाच्या तुऱ्यावरही तसेच केस असतात, त्यांना ट्रायकोम म्हणतात. दांडीवर काचेचा मणी बसवावा तसे दिसतात. झाडाचं सगळं सत्त्व त्या मण्यात. नुसत्या डोळ्यांना ते साखर भुरभुरल्यासारखे दिसतात, म्हणून साठपट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या. सोनार वापरतात तसलं, दिवा असलेलं. मणी पाण्यासारखे स्वच्छ असतील तर तुरा कच्चा. दुधाळ झाले की पिकला. काही मणी मधाच्या रंगाचे व्हायला लागले की उतरणीला लागला. बहुतेक दुधाळ आणि दहातला एखादा मधाळ, इथे मी कापते.

बघताना एक चूक सर्रास होते. तुऱ्यातून डोकावणाऱ्या बारीक पानांवरचे मणी आधी पिकतात. त्यांच्याकडे बघून कापाल तर आठवडाभर आधी कापाल. फुलाच्या फुगीर भागावर भिंग धरा. शेंड्याला एकदा, मध्ये एकदा, खाली एकदा. आणि तांबूस केसांवर एकट्यावर विसंबू नका. पावसाने, हात लागून, किंवा परागण झालं तरी ते केस तांबूस होतात. तुमचं एक झाड नर निघालं होतं, तेव्हा दोन-चार फुगीर कळ्या नखाने फोडून आत बी धरलंय का तेवढं बघून घ्या.

तुमच्या सांगण्यावरून वाटतं, झाडं दहा-बारा दिवस मागे आहेत. पण दक्षिण ओंटारियोत सप्टेंबर संपता संपता कधीही पहिलं हिव पडतं. हलकं हिव हे झाड सोसतं. पाणी गोठणारी रात्र मात्र तुरे काळे पाडते, तशी रात्र सांगितली असेल तर कच्चं-पक्कं न बघता आदल्या दिवशी कापा. तोवर या दहा दिवसांत करायचं ते असं.

झाडांवर छत घाला. चार बांबू आणि वर पारदर्शक प्लास्टिक, बाजू सगळ्या उघड्या. बाजूंनी गुंडाळलंत तर आत वाफ कोंडेल आणि पावसापेक्षा जास्त नुकसान होईल. तुमच्या कुंड्या हलवता येत असतील तर पावसापुरत्या गॅरेजच्या दाराशी घ्या. रात्री मात्र दिव्याखाली ठेवू नका. भिजलीच तर पाऊस थांबल्यावर बुंधा धरून हलवा, पाणी झडू द्या. जड फांद्यांना काठीचा आधार द्या, वाऱ्यात एक मोडली की जखमेतून पुन्हा बुरशीच.

पानांचं म्हणाल तर सगळी काढायची नाहीत. पंजासारखी मोठी पानं जी तुऱ्यावर चिकटून पडलीत, जी पिवळी झालीत, जी झाडाच्या पोटात दाटी करतात, तेवढीच खुडा. दोन-तीन दिवसांत विभागून खुडा. उरलेली पानं शेवटपर्यंत झाडाला पोसतात.

पाण्याबद्दल तुमच्या दुसऱ्या मित्राने ऐकलंय ते खूप जण ऐकतात. शेवटचे दोन आठवडे नुसतं पाणी ओतून झाड 'धुवायचं', किंवा पाणीच तोडायचं, म्हणजे चव सुधारते असं म्हणतात. मी दोन्ही करून पाहिलं, मला फरक जाणवला नाही. लेमिंग्टनच्या काचघरांत मी टोमॅटोवर अकरा वर्षं काम केलं, तिथेही एक गोष्ट पक्की शिकले, ताण दिलेलं झाड शेवटी शेवटी रोगाला लवकर बळी पडतं. नत्राचं खत तेवढं आता बंद करा. पाणी नेहमीसारखं द्या. कापणीच्या आदल्या दिवशी न घातलं तर चालेल, वाळवताना ओल थोडी कमी असते.

कापा सकाळी, दहिवर सुकल्यावर. सगळं झाड एका दमात आडवं करायची गरज नाही. शेंड्याच्या फांद्या आधी पिकतात, त्या कापा. खालच्यांना मोकळं ऊन मिळालं की त्याही आठ दिवसांत भरतात. हातमोजे घाला. नाही घातले तर बोटांचा चिकटा साबणाने जाणार नाही, खोबरेल तेल चोळा, मग साबण.

आणि आता जे लिहिते ते दोनदा वाचा. बहुतेकांचा माल झाडावर नाही, इथे बिघडतो. आमच्याकडे तंबाखूचं तेच होतं. पीक कितीही जोमदार आलं तरी व्यापारी वखारीत येऊन मूठभर पान हातात घ्यायचा, हुंगायचा, आणि भाव सांगायचा. वाळवणीत गफलत झाली की वर्ष गेलं. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे तंबाखू उत्पादक रस्त्यावर बसले, त्यामागे त्या भावाचाच राग होता.

तंबाखू आम्ही उन्हात वाळवायचो. हे उन्हात वाळवायचं नाही. ऊन त्या मण्यांमधलं सत्त्व आणि वास दोन्ही खातं. अंधारी खोली, पंधरा ते वीस अंश तापमान, हवेतली आर्द्रता पन्नास ते साठ टक्के. दोरीवर फांद्या उलट्या टांगा, एकीला दुसरी लागणार नाही अशा. छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, वारा थेट तुऱ्यांवर नको. सात ते चौदा दिवस लागतात. घाई करून हीटरजवळ ठेवलंत तर बाहेरून कुरकुरीत आणि आतून ओलं राहतं, वास वाळल्या गवताचा येतो आणि तो पुढे कधीच जात नाही. ऑक्टोबरात तळघरातली भट्टी चालू झाली की हवा एकदम कोरडी पडते, तेव्हा खोलीत पाण्याची बादली ठेवा. दहा-बारा डॉलरचा आर्द्रतामापक नक्की घ्या.

वाळलं हे कसं कळेल? वडिलांचीच खूण. बारीक काडी वाकवून बघा. लवली तर थांबा, कट्‌कन मोडली तर उतरवा.

मग काचेच्या बरण्या. पाऊण भरा, दाबू नका. पहिला आठवडा रोज एकदा झाकण उघडून दहा मिनिटं हवा द्या, नंतर दोन-तीन दिवसांनी. बरणीत छोटा मापक टाकला तर अठ्ठावन्न ते बासष्टच्या दरम्यान काटा हवा. वर गेला तर तुरे कागदावर पसरून काही तास सुकवा. २०१९ मध्ये माझी पहिली खेप होती. काडी नीट मोडत नसतानाच मी बरण्या बंद केल्या, लोणच्याच्या बरणीसारखं फडकं बांधून कपाटात ठेवल्या आणि लेकीकडे व्हँकुव्हरला गेले. नऊ दिवसांनी उघडल्या तर नाकात अमोनियाचा भपकारा. तिन्ही बरण्या तशाच टाकल्या. तो वास आला तर वाचवायच्या भानगडीत पडू नका. नीट सुकलेली बरणी महिन्याभराने उघडा, तेव्हा खरा वास कळेल.

बरणीवर तारीख लिहा आणि बरण्या कुलपात ठेवा. घरात लहान मूल येणार असेल तर हे दिवाळीच्या फराळाआधी करा, नंतर नाही. सासूबाईंना सरळ सांगा. हे गांजाचं झाड आहे, इथे कायद्याने चालतं, पुण्यात चालत नाही. आमच्या आयांनी घरात तंबाखूची गाठोडी सांभाळली, त्यांना झाडाचं भय नसतं. आपल्यापासून लपवलं याचं दुःख होतं.

ताई, मी म्युनिकला फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनीत तीन झाडं आहेत. वाळवताना सगळ्या जिन्यात वास जाईल का? शेजारची आजी तक्रार करेल अशी भीती वाटते.

वास जाणारच. शेवटचे तीन आठवडे झाडाचा आणि मग दोन आठवडे वाळवणीचा. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडं चालतात, पण त्यापायी शेजाऱ्यांना जाच होता कामा नये. त्यामुळे आजींची तक्रार ही नुसती कुरबूर समजू नका. वाळवणीसाठी कापडाचा छोटा तंबू मिळतो, त्याला कोळशाचा फिल्टर आणि एक्झॉस्ट पंखा लावा. मसाले कुटताना आपण खिडकी उघडतो, इथे उलट करायचं आहे, हवा फिल्टरमधूनच बाहेर गेली पाहिजे. आणि शक्य असेल तर आजींना आधीच भेटा. काही आठवड्यांचाच प्रश्न आहे असं सांगितलेलं माणसाला पटतं.

तुम्ही न विचारलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. घरात वाळलेला माल पन्नास ग्रॅमपर्यंतच ठेवता येतो. ऊन मिळालेलं एकच झाड त्याहून जास्त देऊ शकतं. जास्तीचं मित्राला देणंही तिथे चालत नाही, नष्ट करावं लागतं. म्हणून तीनही झाडं मोठी करू नका. लहान कुंडीत, उशिरा लावून, कोपरभर उंचीची ठेवलीत तर सांभाळणंही सोपं.

मावशी, मी नाशिकची. तुमचं सदर वाचते. संधिवातासाठी गॅलरीतल्या कुंडीत एकच झाड लावलं तर चालेल का? भांग तर सरकारी दुकानात मिळते म्हणतात.

नाही चालणार, आणि हे मी ठामपणे सांगते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय एक झाड लावणंसुद्धा लागवडच आहे. कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. भांगेचा गोंधळ होतो तो व्याख्येमुळे. त्या कायद्यात गांजा म्हणजे फुललेला किंवा फळलेला शेंडा, शेंड्याशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून काही राज्यांत पानांची भांग परवान्यावर विकली जाते. पण तुमच्या कुंडीतलं झाड दोन-तीन महिन्यांत फुलणार, आणि लागवड ती लागवडच.

मला या गोष्टीचं वाईट वाटतं, कारण हे पीक आपल्याकडे परकं नव्हतं. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने या झाडावर आयोग नेमला, त्याच्या अहवालाचे सात खंड झाले. मुंबई इलाख्यात अहमदनगर भागात ही शेती होत असे. बंगालमधल्या नौगावला तर शेतकरी नर झाड ओळखून उपटायला खास जाणकार बोलावत, कारण एक नर राहिला तर सगळ्या शेतात बी धरतं. तुरे पायांनी तुडवून चपटा गांजा करत. इतकं बारीक शेतीज्ञान होतं. पण आजचा कायदा आजचा आहे. सांधे दुखत असतील तर विजया, म्हणजे भांग, असलेली आयुर्वेदिक औषधं वैद्यांच्या चिठ्ठीवर कायदेशीर मिळतात. तो रस्ता धरा, आणि चालू गोळ्यांची यादी वैद्यांना दाखवा.

काकू, मी ब्रॅम्प्टनची. आईचे गुडघे फार दुखतात, वय ७८. घरचा माल तुपात उतरवून तिला थोडा द्यावा म्हणते. डिसेंबरात आम्ही दोघी पुण्याला जाणार आहोत, तेव्हा तिकडेही थोडं न्यावं का?

आईला देऊ नका. तुमचा हेतू मायेचाच आहे, पण घरच्या झाडात किती सत्त्व आहे हे तुम्हाला मोजता येत नाही, आणि तुपातलं तर त्याहून नाही. खाल्लेलं लागायला दोन तासही लागतात. 'काहीच झालं नाही' म्हणून माणूस पुन्हा चमचा घेतो, मग एकदम चढतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रात्री चक्कर येऊन बाथरूममध्ये पडणं हे गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा कितीतरी वाईट. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर तिच्याशीही याचं जमत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा. मात्रा छापलेलं, तपासलेलं औषध इथे मिळतं, द्यायचंच झालं तर ते, त्यांच्या देखरेखीखाली.

आणि बॅगेत काहीही नको. तूप नको, तेल नको, बी नको, मलमाची डबीसुद्धा नको. कॅनडाच्या सीमेबाहेर हे नेणं कॅनडातच गुन्हा आहे, ज्या देशात चालतं तिथे नेलं तरी. मुंबईच्या विमानतळावर तर वर नाशिकच्या ताईंना सांगितलेला तोच अमली पदार्थ कायदा लागू होतो. निघायच्या आदल्या दिवशी बॅगांचे कप्पे, पर्सचा तळ, कोटाचे खिसे, सगळं एकदा उलटं करून झटका.